शेवटच्या ताटात काय उरते?

गेल्या पावसाळ्यात उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत, विहारात महिलांची रविवारची बैठक होती. विषय आहाराचा होता. आम्ही भाषण केले नाही. समोर बसलेल्या ताई-माईंना एकच प्रश्न विचारला, "काल रात्री तुम्ही काय जेवलात?"

उत्तरे भराभर आली. "वरण-भात आणि वांग्याची भाजी." "पोरांसाठी अंड्याची भाजी केली होती." "बरबटीची उसळ आणि पोळ्या." आम्ही म्हटले, "हे तुम्ही रांधले. तुमच्या ताटात काय पडले ते सांगा." मग थोडा वेळ कोणी बोलले नाही. शेवटी मागे बसलेल्या एक ताई हसत म्हणाल्या, "आमचं काय जी, उरलं ते खाल्लं." एकीने पोळी आणि तळाचा रस्सा खाल्ला होता. एकीने भातावर तिखट-मीठ घेतले होते. एकीने चहात सकाळची पोळी बुडवून रात्र काढली होती. अंड्याची भाजी करणाऱ्या ताईंच्या वाट्याला अंडे आलेच नव्हते.

स्वस्तात घर कसे चालवावे हे या बायांना आम्ही शिकवावे, अशी गोष्टच नाही. दहा रुपयांचे पंधरा कसे करायचे ते त्यांना आमच्यापेक्षा चांगले कळते. पण त्या दिवसानंतर दोन गोष्टी आमच्या मनातून गेल्या नाहीत. पैसे कमी पडले की कात्री तांदूळ-गव्हाला लागत नाही, ती डाळीला, अंड्याला आणि भाजीला लागते. आणि घरातल्या पाच ताटांपैकी ती सगळ्यात आधी आईच्या ताटाला लागते. पोट भरते, पण रक्त भरत नाही. म्हणून या अंकात आरोग्याच्या पानावर औषध-गोळीऐवजी हिशेब मांडत आहोत.

आधी वही

बैठकीनंतर आमच्यातल्या काही घरांनी एक महिना खर्च लिहायचे ठरवले. मुलांची अर्धी उरलेली वही घ्यायची आणि रोज रात्री खाण्यापिण्यावर गेलेला प्रत्येक रुपया लिहायचा. किराणा, भाजी, दूध तर लिहायचेच. पण पानठेल्यावर गेलेले आणि मुलांच्या हातावर ठेवलेलेही लिहायचे.

महिनाअखेर वह्या उघडल्या तेव्हा आम्हाला सर्वांत जास्त चकित केले ते पाच रुपयांनी. चिप्सचे, कुरकुऱ्यांचे, बिस्किटांचे पाच रुपयांचे पुडे. पाच रुपये कोणाला जड वाटत नाहीत. मूल रडले, द्या पाच रुपये. पण दोन मुले आणि प्रत्येकी दिवसाला दोन पुडे, म्हणजे रोजचे २० आणि महिन्याचे ६०० रुपये. त्यात मिळते काय? मैदा किंवा बटाटा, तेल, साखर, मीठ. मुलाची भूक मरते आणि जेवायच्या वेळी ते ताटावरून उठते. मग आई म्हणते, "आमचा पोरगा जेवतच नाही."

दुसरा आकडा खर्ऱ्याचा निघाला. विदर्भातल्या वाचकांना खर्रा समजावून सांगायला नको. दिवसाला २५ रुपयांचा एक धरला तरी महिन्याचे ७५० होतात आणि एकावर भागणारे थोडे. खर्रा फक्त पैसा खात नाही. आतून गाल कडक होत जातात, तोंड उघडेनासे होते, तिखट लागताच आग होते आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. मग समोर वरण-पोळी असूनही घास जात नाही. हे आम्ही घरातल्या पुरुषांना टोमणा म्हणून लिहीत नाही, वहीत बायकांच्याही नावावर खर्रा निघाला.

६०० आणि ७५० मिळून १३५० रुपये झाले. आता हेच पैसे दुसरीकडे वळवून पाहू. भाव आमच्या वस्तीतले धरले आहेत, तुमच्याकडे थोडा फरक पडेल. ७ रुपयांच्या भावाने ६० अंडी, ४२० रुपये. जास्तीची दोन किलो डाळ, ३०० रुपये. एक किलो फल्लीदाणे, १४० रुपये. एक किलो सोयाबीनच्या वड्या, १२० रुपये. हे झाले ९८०. उरलेल्या ३७० रुपयांत महिनाभराची पालेभाजी आणि लिंबे. मजुरी वाढली नाही, उधारी वाढली नाही, पण घराच्या ताटाचा रंग बदलला.

सगळे एका महिन्यात सुटेल असे आम्ही म्हणत नाही. आमच्याही घरात सुटलेले नाही. पण चार पुड्यांचे दोन केले आणि त्या पैशांची अंडी आणली, इतके बहुतेक घरांना जमले.

वाटीत डाळ किती?

आपल्याकडे वरण रोज होते. प्रश्न असतो तो त्यात डाळ किती आणि पाणी किती. पाच माणसांच्या घरात रोज माणशी निदान ३० ग्रॅम, म्हणजे साधारण एक मूठ डाळ किंवा कडधान्य धरले तर दिवसाला १५० ग्रॅम आणि महिन्याला साडेचार किलो लागते. आमच्या वह्यांत कित्येक घरी दीड-दोन किलोच येत होते.

तूरडाळ महाग झाली की वरण पातळ करू नका, डाळ बदला. चणाडाळ, मसूर, अख्खे हरभरे, मटकी, बरबटी, वाटाणा यांपैकी त्या आठवड्यात जे स्वस्त असेल ते आणा. साधारणपणे १०० ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात, मग ती कुठलीही असो. डाळ तुटकी असली तर दुकानदार कमी भावात देतो. तिचे पोषण कमी होत नाही, फक्त निवडून, नीट धुऊन घ्यावी लागते. बेसनाचे पिठले ही तर आपली जुनीच युक्ती. भाजी महागली त्या दिवशी पिठले करताना कमीपणा मानू नका. पालकाच्या आलनात बेसन घातले की भाजी आणि डाळ एकाच भांड्यात होतात.

कडधान्य रात्री भिजत घातले की सकाळी लवकर शिजते, गॅस वाचतो. मोड आणले तर त्यात क जीवनसत्त्व वाढते आणि धान्यातले लोह शरीराला जास्त मिळते. त्यासाठी ओले फडके आणि एक रात्र पुरते.

सोयाबीनच्या वड्यांबद्दल वस्तीत दोन मते आहेत, कोणी त्यांना "गरिबांचं मटण" म्हणून हसते. पण १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. गरम पाण्यात भिजवून, पिळून, तर्री घालून केल्या तर मुले आवडीने खातात. फल्लीदाण्यांतही १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. शाळेतून आलेल्या मुलाच्या हातावर मूठभर भाजलेले दाणे आणि गुळाचा खडा ठेवा. पाच रुपयांच्या पुड्याला इतके चांगले उत्तर दुसरे नाही. अगदी लहान मुलांना मात्र अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.

एक सावधगिरी. आपल्या भागात लाखोळीची डाळ स्वस्त मिळते. कधीमधी, इतर डाळींबरोबर खाल्ली तर गोष्ट वेगळी. पण महिनोन्महिने तीच एक डाळ मुख्य जेवण म्हणून पोटात गेली तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. स्वस्त आहे म्हणून घरभर तिच्यावरच अवलंबून राहू नका. सुटे बेसन फार स्वस्त मिळत असेल तर त्यात लाखोळी मिसळलेली असू शकते, हेही ध्यानात ठेवा. चणाडाळ स्वतः दळून आणलेली बरी.

लाज सोडा, सुकट सोडू नका

आमच्या आजीच्या पिढीला तरोटा, घोळ, पाथरी, चिवळ, अंबाडी या भाज्या विकत घ्याव्या लागत नव्हत्या. पहिल्या पावसानंतर बांधावरून तरोट्याची कोवळी पाने खुडून आणायची आणि कांदा-लसणावर परतायची. आज या भाज्या आठवडी बाजारात खेड्यातल्या बाया टोपलीत घेऊन बसतात आणि आपण त्यांच्या पुढून फ्लॉवरकडे जातो. शेवग्याचा पाला तर अनेकांच्या अंगणात आहे. शेंगा खातो, पाला टाकतो. या पाल्यात लोह आणि कॅल्शियम भरपूर आहे. मूठभर पाला वरणात टाका किंवा पिठात मळून धपाटे करा. फक्त नाल्याच्या काठची आणि सांडपाण्यावर वाढलेली भाजी खुडू नका.

मांसाहाराचेही तसेच. महिन्यातून एकदा अर्धा किलो मटण आणायचे आणि उरलेला महिना कोरडा काढायचा, त्यापेक्षा दर आठवड्याला थोडे-थोडे आणणे बरे. कोंबडीची कलेजी मटणाच्या मानाने खूप स्वस्त असते आणि तिच्यातले लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीरात सहज शोषले जाते. पाये, मुंडी, वजडी यांचा भाव कमी आणि चव सगळ्यांना ठाऊक. सुकट आणि बोंबील तर महिनाभर डब्यात टिकतात. दोन मुठी सुकट वांग्यात टाकली की पाच माणसांची भाजी होते. सुकटीत मीठ जास्त असते, म्हणून दोन पाण्यांनी धुवा आणि भाजीत वरून मीठ घालताना हात आखडता घ्या. रक्तदाब असलेल्यांनी बेतानेच खावी.

तरी सुकट आपल्या घरांतून कमी होत चालली आहे आणि त्याचे कारण भाव नाही. एक ताई म्हणाल्या, "फ्लॅटमध्ये राहायला गेल्यापासून करत नाही. वास आला की शेजारची दारं लागतात." हे ऐकून आम्हाला वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग वस्त्यांचे खाणे पानोपान नोंदवले, ते याचसाठी महत्त्वाचे आहे. आपले जेवण कुठल्याच पाककृतीच्या पुस्तकात नव्हते, म्हणून ते कमी दर्जाचे ठरले. १९२७ साली महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. ती गोष्ट लाचारीची होती. बाजारातून आपल्या कमाईने आणलेल्या ताज्या कलेजीशी किंवा सुकटीशी तिचा संबंध नाही. शेजाऱ्याच्या नाकासाठी आपल्या लेकरांच्या ताटातले प्रथिन काढून टाकू नका. खिडकी उघडा आणि सुकट करा.

जे शाकाहारी आहेत त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. डाळ, कडधान्य, दाणे, तीळ-जवसाची चटणी, पालेभाजी आणि परवडेल तेवढे दूध-दही यांच्यावरही घर उत्तम चालते. रोजच्या ताटात हे सगळे आलटून-पालटून आले पाहिजे, इतकेच.

रेशन हा हक्क आहे

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबाला दर माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य मिळायला हवे. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला २५ किलो म्हणजे महिन्याच्या पोळी-भाताचा मोठा भाग सुटतो.

तरीही काही घरे रेशनचा तांदूळ फेरीवाल्याला किलोमागे थोड्या रुपयांत विकून टाकतात आणि दुकानातून महाग तांदूळ आणतात. "जाड असतो, पोरं खात नाहीत." जाड तांदूळ भिजवून, दळून त्याचे धिरडे, आंबील, चकल्या करता येतात. उडदाच्या डाळीबरोबर त्याच्या इडल्याही चांगल्या होतात.

दुसरी तक्रार आम्ही वारंवार ऐकतो, "तांदळात प्लास्टिकचे दाणे असतात." ते प्लास्टिक नव्हे. रेशनच्या तांदळात १०० दाण्यांमागे एक या प्रमाणात पोषण वाढवलेला दाणा मिसळला जात आला आहे. तो तांदळाच्या पिठापासूनच बनतो आणि त्यात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व असते. रंगाने थोडा वेगळा दिसतो, पाण्यावर तरंगतो, म्हणून बाया तो निवडून फेकतात. फेकू नका. तांदूळ फार चोळून धुऊ नका आणि भाताचे पाणी ओतून देऊ नका.

कामासाठी गाव सोडून आलेल्यांनी हे लक्षात ठेवावे की गावचे कार्ड शहरातही चालते. आधार जोडलेले असेल तर कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते. दुकानदार नकार देत असेल, कमी मापत असेल तर १९६७ या क्रमांकावर तक्रार करा. पावती मागायला लाजू नका. घरात सहा वर्षांखालचे मूल, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर अंगणवाडीत नाव नोंदवा. तिथला आहार हाही त्याच कायद्याने दिलेला हक्क आहे.

चहाचा कप आणि आईचे रक्त

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते आणि पाळी येणाऱ्या बाईला २९ मिलिग्रॅम. म्हणजे ज्या ताटाला सगळ्यात जास्त हवे, तेच ताट आपल्या घरात शेवटी वाढले जाते. राज्यातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, पायात गोळे, सतत थकवा याला आपण "बाईच्या जातीला चालायचंच" म्हणतो. चालायचे नाही.

बिनपैशाचे तीन उपाय आहेत. जेवणाबरोबर आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका. चहा अन्नातले लोह शरीरात जाऊ देत नाही, मध्ये निदान एक तास जाऊ द्या. जेवताना लिंबू पिळा किंवा कैरी, आवळा, कच्चा टमाटर खा. आंबटामुळे लोह जास्त शोषले जाते. भाजी लोखंडी कढईत करा, आणि झाली की दुसऱ्या भांड्यात काढा.

आपल्या भागातल्या वाचकांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. विदर्भात आणि आपल्या समाजात सिकलसेल बराच आढळतो. अंगात रक्त कमी असण्याचे कारण प्रत्येक वेळी लोहच असते असे नाही. वारंवार सांधे दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, घरात कोणाला सिकलसेल असेल तर आधी तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सिकलसेलच्या रुग्णाने लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. चौरस जेवण आणि भरपूर पाणी मात्र त्यालाही हवेच.

वाढण्याची पद्धत बदला

वह्या मिटल्यावर आम्ही त्याच बैठकीत एक साधा ठराव केला. स्वयंपाक झाला की जेवायला बसण्याआधी घरात जितकी माणसे तितकी ताटे मांडायची आणि प्रत्येकात डाळ, भाजी, अंडे, जे असेल ते आधीच वाढून ठेवायचे. आईचे ताटही तेव्हाच वाढायचे. चार अंडी आणि पाच माणसे असतील तर अंडी फोडून भुर्जी करायची, म्हणजे वाटे सारखे पडतात. शक्य तितक्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसायचे. ज्याला कमी पडेल तो पोळी-भात आणखी घेईल, पण दुसऱ्याच्या वाटीतली डाळ घेणार नाही.

यात एक पैसाही लागत नाही, तरी हेच सगळ्यात अवघड गेले. एका सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी असं नव्हतं." सून गप्प बसली. चार दिवसांनी त्याच सासूबाईंनी पाहिले, पाच ताटे मांडली होती आणि पाचवे सुनेचे होते. त्यांनी काही न बोलता आपल्या वाटीशेजारी तिची वाटी सरकवली आणि तिला हाक मारली, "ये वं, थंड होऊन रायलं."

मुलांना हे फार लवकर कळते. एका घरातली आठ वर्षांची मुलगी आता रोज ताटे मोजते. एक कमी दिसले की विचारते, "आईचं कुठंय?"

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, आज रात्री तुमच्या घरीही ताटे मोजा. पाच रुपयांच्या पुड्यांचा हिशेब उद्यापासून लिहिला तरी चालेल, पण आईचे ताट आजच मांडा. आणि हे पान वाचणारी तुम्हीच त्या घरची आई असाल, तर आजचे अंडे मुलाच्या ताटात सरकवू नका. ते तुमचे आहे.

सप्रेम जयभीम.